मुरूम जातो कुठे?

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका खेड्यात, पोळा होऊन चार दिवस लोटले असता आणि आठ दिवसांची झड नुकतीच कोठे ओसरली असता, नात्याने माझे मामा लागणारे एक वृद्ध शेतकरी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून आपल्या कोठ्याच्या दारात उभे होते. गुरांच्या गोठ्याला आमच्या झाडीपट्टीत कोठा म्हणतात. त्या कोठ्याच्या उंबऱ्यापासून विहिरीपर्यंतची पंधरा पावले म्हणजे त्या दिवशी काळ्या-हिरव्या रंगाचा, आंबूस वासाचा एक राबडा झाला होता. त्यातून पाय काढताना डबीचे झाकण उघडावे तसा आवाज होई, आणि माझी एक चप्पल तर त्याने ठेवूनच घेतली. मामांना चपलेचे काही वाटले नाही. त्यांची तक्रार निराळी होती. ते म्हणाले, "दरसाल दोन ट्रॉल्या मुरूम टाकतो जी. पोळ्याले पाहाल त मागमूस नाही. जाते कुठं तो मुरूम?"

हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक गुरे पाळणाऱ्याच्या मनात दरसाल एकदा तरी उद्भवतो, आणि त्याचे उत्तर बहुधा 'पावसाने वाहून नेला' असे देऊन माणसे मोकळी होतात. हे उत्तर चुकीचे आहे. मुरूम वाहून जात नाही. तो कोठे जातो हे समजण्यासाठी प्रथम चिखल म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे.

१. धानाचे पोते आणि तांदळाचे पीठ

चिखलाविषयी गोंदियाच्या शेतकऱ्याला काही सांगू जाणे म्हणजे ढिवराला जाळे विणायला शिकवण्यासारखे आहे. वार्षिक १,२०० मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत रिता करणाऱ्या या मुलखात चिखल ही आपत्ती नसून पिकाची पूर्वतयारी आहे. बांधी, म्हणजे बांधांनी वेढलेले धानाचे शेत, भरली की शेतकरी धुरे नीट बांधून पाणी अडवतो, त्यात नांगर आणि वखर फिरवतो, बैलांच्या खुरांनी आणि आता ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांनी माती घोळून घोळून लोण्यासारखी करतो, आणि मगच रोवणा लावतो. चिखलणीचा हा सारा खटाटोप तो करतो तो बांधीतले पाणी खाली मुरून जाऊ नये म्हणून.

धानाने भरलेल्या पोत्यावर तांब्याभर पाणी ओतले तर ते दाण्यादाण्यांमधल्या फटींतून झिरपत तळाशी जाते. पण त्याच धानाचे तांदूळ दळून, पीठ भिजवून परातीत थापले आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतले तर ते तसेच वर तरंगत राहते. पदार्थ एकच, पण एकात फटी आहेत, दुसऱ्यात त्या मोडल्या आहेत. मातीचेही असेच आहे. कोरड्या, न तुडवलेल्या मातीत बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांची लहान लहान ढेकळे झालेली असतात आणि त्या ढेकळांच्या मधून पाणी व हवा ये-जा करतात. ती ओली असताना घुसळली की ढेकळे फुटतात, चिकणमातीचे पापुद्र्यासारखे चपटे कण भिजलेल्या वहीच्या पानांप्रमाणे एकावर एक आडवे पडतात, आणि पाण्याची वाट बंद होते.

आता कोठ्याच्या दारापुढे पाहा. छपराचे पाणी तेथे पडते, उताराचे पाणी तेथे येते, आणि दिवसातून निदान चार वेळा गुरांचे खूर त्यातून जातात. पाणी, वजन आणि वारंवार घोळणे, या तीनही गोष्टी बांधीतल्याच आहेत. दारापुढचा राबडा म्हणजे कोणी मनात न आणता, नको त्या ठिकाणी झालेली चिखलणी होय.

त्यात एक चौथी गोष्ट मिळते, ती शेण. मामांकडे दोन बैल, एक गाय आणि एक म्हैस अशी चार जनावरे. मोठे जनावर दिवसाकाठी सुमारे दहा ते बारा किलो शेण टाकते. दहाच धरले तरी चौघांचे चाळीस किलो, आणि पावसाळ्याच्या १२० दिवसांत ४,८०० किलो. त्यातले निम्मे घरातल्या बायकांनी उचलून उकिरड्यावर नेले असे मानले तरी चोवीसशे किलो शेण दारापुढच्या मातीत मिसळते. या शेणात पाच भागांतले चार भाग पाणीच असते, आणि उरलेला एक भाग म्हणजे अर्धवट पचलेले तणस (धानाचा पेंढा), जे ओलावा स्पंजासारखे धरून ठेवते. म्हणून बांधीतला चिखल पाऊस थांबल्यावर चार-आठ दिवसांत वाळू लागतो आणि कोठ्यापुढचा चिखल दसऱ्यापर्यंत ओला राहतो.

एवढे ध्यानात आले म्हणजे उपाय आपोआप सुचतो, कारण तो शेतकऱ्याला आधीच ठाऊक असलेल्या विद्येचा केवळ व्यत्यास आहे. बांधीत आपण पाणी अडवतो, तर येथे ते काढून द्यायचे. बांधीत खूर फिरवतो, तर येथे ते आवरायचे. बांधीत तळ मऊ करतो, तर येथे कठीण करायचा. मात्र क्रम हाच पाळला पाहिजे. बहुतेक माणसे शेवटच्या उपायापासून, म्हणजे मुरमापासून, आरंभ करतात आणि पहिल्या दोहोंकडे वळतच नाहीत.

२. छपराचा हिशेब

एक मिलीमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला म्हणजे एक लीटर पाणी होते. हे सूत्र इतके सोपे आहे की ते पाटीवर खडूने लिहून कोठ्यात टांगावे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्य शासनाने शरद पवार ग्रामसमृद्धी योजना जाहीर केली आणि तीत रोजगार हमीतून गाई-म्हशींसाठी पक्के गोठे बांधून देण्याची तजवीज झाली. त्या गोठ्याचे माप ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ २७ चौरस मीटर. सोबत मूत्र साठवण्यासाठी २५० लीटरचे आणि पिण्याच्या पाण्यासाठी २०० लीटरचे टाके. महसूल खात्याच्या दप्तरात २४ तासांत ६५ मिलीमीटरच्या वर पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी समजतात. अशा एका दिवशी या छपरावर २७ गुणिले ६५, म्हणजे १,७५५ लीटर पाणी पडेल. ती दोन्ही टाकी काठोकाठ भरली तरी त्यांच्या जवळजवळ चौपट पाणी एका दिवसात छपरावरून खाली येते.

मौज त्यापुढेच आहे. छप्पर एकपाखी असेल तर हे सगळे पाणी वळचणीखालच्या एका अरुंद पट्टीत पागोळ्यांनी पडते. ती पट्टी ७.७ मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद धरली तर तिचे क्षेत्र चार चौरस मीटरही भरत नाही. म्हणजे आकाशातून ६५ मिलीमीटर पाऊस पडत असता त्या पट्टीवर मात्र साडेचारशे मिलीमीटर पडतो. चेरापुंजीची कीर्ती भूगोलाच्या पुस्तकात वाचणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगावे, की आपल्या वळचणीखालीही एक लहानसे चेरापुंजी आहे. आणि बहुतेक कोठ्यांत जनावरांच्या येण्याजाण्याचे दार नेमके त्याच वळचणीखाली असते!

यावरचा इलाज पन्हळ. पत्र्याची परवडत नसेल तर जाड प्लास्टिकचा नळ उभा चिरून तारेने वळचणीला बांधावा, एका टोकाकडे त्याला किंचित उतार द्यावा, आणि पाणी नळीने दूर, बोडीकडे (लहान तळ्याकडे) किंवा परसातल्या पिंपात न्यावे. उकिरड्यात मात्र सोडू नये, कारण त्याने खताचे सत्त्व धुऊन जाते आणि आणखी एक डबके तयार होते. मी पाहिलेल्या कोठ्यांपैकी फार थोड्यांना पन्हळ होती. घराच्या पडवीला पन्हळ लावणारा माणूस कोठ्याला ती लावत नाही, यात मला तरी केवळ सवयीचा दोष दिसतो.

छपराचे पाणी गेले की उरते उताराचे. त्यासाठी कोठ्याच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून दोन-तीन हात सोडून, हातभर रुंद आणि वीतभर खोल असा चर खणून त्याची माती खालच्या काठावर टाकावी, म्हणजे वरून येणारे पाणी कोठ्याला वळसा घालून निघून जाईल. या विद्येत आमच्या जिल्ह्याला परका गुरू करण्याचे कारण नाही. कोहळी समाजाने शतकांपूर्वी या भागात जे तलाव बांधले, ज्यांना पुढे मालगुजारी तलाव हे नाव पडले, त्यांचे सारे कौशल्य पाणी कोठून येते आणि त्याला कोठे वळवावे हे डोळ्यांनी ओळखण्यात होते. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. त्या पाळीवर उभे राहून आजूबाजूच्या टेकड्यांकडे पाहिले म्हणजे मोजणीच्या दुर्बिणीवाचून एवढा अंदाज कसा केला असेल याचे नवल वाटत राहते. ज्यांच्या पूर्वजांनी टेकडीचे पाणी वळवले त्यांना कोठ्याचे वळवणे जड जाऊ नये.

३. पायाखाली कोणती माती आहे

आमच्याकडे मातीची नावे जुनी आणि नेमकी आहेत. काळी, भारी, पाणी प्याली की फुगणारी ती कन्हार. तिच्याहून हलकी, मिश्र पोताची ती मोरांड. पिवळसर, रेतीचा अंश असलेली ती सिहार. भरड ती खरडी. आणि मुरमाड, खडे असलेली ती बरडी. बंदोबस्ताच्या वेळी जमाबंदी ठरवणाऱ्या कामगारांनी ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडून घेऊन दप्तरात लिहिली. ती त्यांनी बनवलेली नव्हेत.

आपला कोठा कोणत्या मातीवर उभा आहे हे ओळखण्याची एक घरगुती रीत आहे. दारापुढची मूठभर माती, शेण नसलेल्या थरातून, खणून घ्यावी, थोडी ओली करून चकलीच्या पिठासारखी मळावी आणि तळहातावर तिची वळी करावी. वळी शेवयांइतकी बारीक होऊनही तुटत नसेल तर माती कन्हारीच्या जातीची. करंगळीएवढी होऊन भेगाळत असेल तर मधली. आणि वळीच होत नसेल तर खरडी किंवा बरडी. पहिल्या जातीवर कोठा असेल तर या प्रकरणातले सगळे उपाय करावे लागतील. शेवटच्या जातीवर असेल तर पन्हळ आणि चर एवढ्याने भागेल आणि माणसाने स्वतःला भाग्यवान समजावे.

४. खुराखाली काय होते

अनेकांना वाटते की ट्रॅक्टर जड, बैल हलका, तेव्हा जमीन दाबली जाते ती ट्रॅक्टरने. परंतु जमिनीला एकंदर वजन कळत नाही. तिला कळतो तो दर बोटभर जागेवर पडणारा भार. फळीवर उभे राहून चिखल ओलांडणारा माणूस वर राहतो आणि टाचेवर चालणारा रुततो, वजन तेच असूनही. ट्रॅक्टरचे रुंद रबरी चाक पुष्कळसे फळीसारखे आहे, आणि गुरांचा खूर टाचेसारखा. त्यातही जनावर चालते तेव्हा चारांपैकी एक-दोन पाय उचललेले असतात, म्हणजे उरलेल्यांवर अधिक भार.

हा खूर ओल्या मातीवर टाकलेल्या मुरमावर पडला म्हणजे काय होईल? भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यावर मूठभर शेंगदाणे पसरून तळव्याने दाबून पाहावे. दाणे आत जातात, आणि त्यांच्या मधून कणीक वर येते. चार वेळा दाबले की वरून एकही दाणा दिसत नाही, पण म्हणून दाणे नाहीसे झालेले नसतात. मामांचा मुरूम वाहून गेला नव्हता. तो त्यांच्याच दारात, खुरांच्या एकेक दाबाने, राबड्याच्या पोटात उतरत होता, आणि राबडा त्याच्या फटींतून वर येत होता.

तेव्हा खरा प्रश्न असा की कणीक आणि दाणे यांना वेगळे कसे ठेवावे. चक्का करताना आपण दही पंचात बांधतो. पंचा पाण्याला जाऊ देतो आणि दह्याला अडवतो. रस्ते बांधणारे लोक हल्ली जमिनीवर असाच एक जाड, न कुजणारा पंचा अंथरतात, त्याला जिओटेक्स्टाइल म्हणतात. वर गिट्टी, खाली माती, आणि दोघांच्या मधून फक्त पाणी जाते. अमेरिकेत गुरांच्या वाड्यांपुढे हीच रीत सर्रास वापरतात. आमच्याकडे जुने गवंडी तेच काम दगडांच्या सोलिंगने करीत: मोठे दगड एकमेकांना खेटून उभे लावायचे, फटींत कपऱ्या ठोकायच्या, आणि मग त्यावर मुरूम. दगड मुबलक असेल तेथे ही जुनी रीत काही वाईट नाही.

कामाचा क्रम असा. वैशाखात, जमीन कोरडी आणि कठीण असता, दारापुढची मऊ, शेणकट माती कठीण थर लागेपर्यंत काढून टाकावी. तळाला शंभराला दोन-तीन असा उतार कोठ्यापासून बाहेर द्यावा; म्हणजे पाच मीटर लांबीत दुसरे टोक १० ते १५ सेंटीमीटर खाली, आणि ते गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने कोणालाही मोजता येते. त्यावर पंचा किंवा सोलिंग, त्यावर १५ सेंटीमीटर गिट्टी, त्यावर सात-आठ सेंटीमीटर बारीक मुरूम, आणि प्रत्येक थर पाणी शिंपून धुमसाने कुटलेला.

खर्चवेचाचा अंदाज करू. पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशी जागा म्हणजे २० चौरस मीटर. तिला १५ सेंटीमीटर जाडीची गिट्टी तीन घनमीटर लागेल, आणि सात सेंटीमीटर मुरूम १.४ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. तेव्हा गिट्टी एक ब्रासहून किंचित अधिक आणि मुरूम अर्धा ब्रास; कुटल्यावर बसते म्हणून थोडे वाढवून धरावे. मामांच्या दरसालच्या दोन ट्रॉल्यांशी ताडून पाहिले तर माल काही फार जास्त नाही. गिट्टी महाग, हे खरे. परंतु ती एकदा टाकायची आहे.

मुरमाच्या बाबतीत एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मालगुजारीच्या काळात गावकऱ्यांनी कोठली माती, कोठला दगड, कोठले गवत घ्यावे याची वहिवाट वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तऐवजात नोंदलेली असे. १९५० च्या कायद्याने मध्यप्रांतातली मालगुजारी संपली. पण १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रकाची तरतूद कायम राहिली, आणि तीत गावच्या रहिवाशांनी चराई, लाकूड, मुरूम, कंकर, रेती, माती आणि दगड कोणत्या अटींवर घ्यावे याचा उल्लेख आहे. आपल्या गावचे निस्तारपत्रक काय सांगते हे तलाठ्याकडे जाऊन पाहणारे आज किती आहेत, कोण जाणे.

गिट्टीऐवजी पुष्कळजण दुसरेच काही टाकतात. गोंदिया हे भातगिरण्यांचे शहर, तेव्हा तुसाला तोटा नाही. आणि तणस तर घरचेच. चिखलावर तूस किंवा तणस पसरले की दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी ते चिखलाचाच भाग होते आणि पाणी अधिक धरू लागते. हे सावकाराकडून उसने घेण्यासारखे आहे. तूर्त भागते, पण व्याज चढत जाते. कोठ्याच्या आत, कोरड्या फरशीवर, तणस अंथरणे निराळे. ते अवश्य करावे, आणि रोज उचलावे. तिरोड्याच्या औष्णिक वीजकेंद्रामुळे राखेचीही चर्चा होते, परंतु आपल्याकडच्या दगडी कोळशाच्या राखेत चुन्याचा अंश अल्प असल्याने ती आपणहून घट्ट होत नाही. चुना मिसळून, ओली करून कुटली तरच बसते, एरवी चिखलाला एक नवे नाव मिळते इतकेच.

५. आखर

खूर आवरणे हा दुसरा उपाय मी मागे ठेवला, कारण तो खर्चाचा नसून शिरस्त्याचा आहे.

सकाळी गावची गुरे जेथे जमतात आणि जेथून गायकी, म्हणजे गुराखी, त्यांना रानात नेतो, त्या जागेला आखर म्हणतात. माझ्या पाहण्यातली जुनी आखरे बहुधा गावाच्या कडेला, बरड जमिनीवर, किंचित उंचवट्यावर आहेत, आणि मला तरी हे योगायोगाचे वाटत नाही. अमेरिकेतले पशुपालक ओल्या ऋतूत कुरणाचा एक लहान तुकडा जाणूनबुजून कुंपण घालून गुरांना देऊन टाकतात. तो तुडवला जाईल, त्यावर गवत उरणार नाही, हे त्यांनी मान्य केलेले असते, आणि त्या मोबदल्यात बाकीचे सारे कुरण वाचते. त्याला ते बळी दिलेली जागा म्हणतात. आखर दुसरे काय आहे? ओल्या गायरानावर गुरे दिवसभर मोकळी सोडली तर खुरांनी गवताची मुळे कापली जातात, जमीन आवळते, आणि पुढल्या वर्षी तेथे गवताऐवजी तरोटा उगवतो. म्हणून झड लागली असता गुरे आखरावर किंवा कोठ्यातच ठेवून कापलेला चारा घालावा, आणि उघडीप पडल्यावर गायरानाचा एकेक भाग आळीपाळीने द्यावा.

पाण्याचा हौद, मिठाची ढेप आणि गव्हाण एकाच कोपऱ्यात ठेवू नये, हेही येथेच सांगतो. गुरे जेथे थांबतात तेथे शेण पडते. तीन गोष्टी तीन ठिकाणी असल्या म्हणजे थांबणे विभागले जाते.

म्हशीचा खटला वेगळा आहे. तिच्या काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथी थोड्या, त्यामुळे उन्हात ती अंग थंड करण्यासाठी पाणी आणि चिखल शोधते, आणि चिखलाचा लेप तिला माशांपासूनही राखतो. तिला बोडीत डुंबू द्यावे. फक्त दुपारी डुंबलेली म्हैस संध्याकाळी दोहण्यापूर्वी कास धुऊन, पुसून मगच दोहावी.

६. कास, खूर आणि गोगलगाय

चिखलाने जनावराचे नुकसान कसे होते, याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. दूध काढून झाल्यावर सडाचे टोक लगेच मिटत नाही; ते सुमारे अर्धा तास किंचित उघडे राहते. त्या अर्ध्या तासात गाय थकून शेणचिखलात बसली की जंतूंना दार मोकळेच सापडते, आणि मग कास सुजते, दगडासारखी होते, दुधात गुठळ्या येतात. मामी दूध काढून उठली की गव्हाणीत हिरव्या चाऱ्याचा एक भारा टाकीत असे. "खाते तोवर उभी राहते," एवढेच तिचे स्पष्टीकरण. तिला सडाच्या छिद्राचे शास्त्र कोणी सांगितले नव्हते.

खुराचे असे की ते नखाच्याच जातीचे असते. पाण्यात फार वेळ राहिलेली आपली नखे जशी मऊ पडतात तसे सतत ओले राहिलेले खूर मऊ पडतात, दोन नख्यांमधली कातडी चिरते, आणि शेणात राहणारे जंतू त्या चिरेतून शिरून खूर सडवतात. यासाठी मोरचुदाच्या पाण्यातून गुरे चालवण्याची रीत आहे: शंभर भाग पाण्याला पाच भाग, म्हणजे २० लीटर पाण्यात एक किलो. आधी पाय धुतलेले असावेत, नाही तर शेणानेच औषध संपते. वापरलेले पाणी तलावात किंवा बोडीत कदापि ओतू नये. तांब्याचा हा क्षार मासळीला विष आहे आणि त्या मासळीवर ढिवरांची पोटे चालतात.

तिसरा शत्रू दिसत नाही. पर्णकृमी नावाचा चपटा कृमी गुरांच्या यकृतात राहतो. त्याची अंडी शेणातून बाहेर पडतात, पाण्यात फुटतात, त्यातून निघालेला जीव पाणगोगलगाईच्या शरीरात शिरून वाढतो, आणि मग बाहेर येऊन ओलसर गवताच्या पात्याला चिकटून बसतो. ते पाते गुराने खाल्ले की फेरा पूर्ण. या फेऱ्यात गोगलगाय नसेल तर साखळी तुटते, आणि गोगलगाईला हवी असते ती उथळ, साचलेली, चिखलाची कड. म्हणून बोडीच्या काठावर, पावसाळ्याच्या अखेरीस, जेथे हिरवेगार गवत डोळ्यांत भरते, तेथेच गुरे चारू नयेत, आणि पाणी पाजायचे ते काठावर नव्हे, हौदात. ज्या जनावराचे पोट खपाटीला गेले, जबड्याखाली पाण्याची सूज आली, त्याचे शेण पशुवैद्यकाला दाखवावे. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी तर पावसापूर्वीच टोचून घ्याव्यात.

आणि खुरांच्या ठशांत साचलेल्या ओंजळभर पाण्यातही हिवतापाचे डास वाढतात. सालेकसा, देवरी या बाजूच्या रानातल्या गावांना हे निराळे सांगायला नको.

७. वैशाखातले खणणे

पुढल्या वैशाखात मी पुन्हा गेलो. मामांनी पन्हळ लावली होती, तीही थोडी तिरकी, आणि कोठ्यामागे चर खणला होता. दारापुढची जागा खणायला दोन मजूर सकाळी सहालाच लागले. वरचा थर वाळून काळ्या पापडासारखा झाला होता. कुदळीने त्याचे मोठे मोठे तुकडे निघत आणि आतून ते अजून ओलसर असत. हातभर खाली गेल्यावर कुदळीचा आवाज बदलला. खणलेल्या भिंतीत लालसर रेघा दिसू लागल्या, एकीखाली एक, कोठे चार बोटे जाड, कोठे पुसट. मामा खाली वाकले, त्यांनी रेघांवरून बोट फिरवले आणि मोजू लागले. पाचपर्यंत नीट मोजता आल्या. त्याखाली सगळे एकजीव झाले होते.

"म्हंजे घरीच होता जी," ते म्हणाले.

तिसऱ्या रेघेजवळ बैलाच्या खुराची एक नाल निघाली आणि त्याखाली रबरी चपलेचा एक पट्टा. तो माझा नव्हता. माझी चप्पल बरीच वर, गेल्या सालच्या थरात, सकाळीच सापडली होती. नाल मामांनी धुऊन खिशात टाकली.

खणलेली माती टाकायची कोठे, हा प्रश्न मजुरांनी केला तेव्हा मामांना हसू आले. दुपारपर्यंत ती पाच खेपांनी तलावाखालच्या बांधीत गेली. तिच्यात वर्षानुवर्षांचे शेणमूत जिरलेले होते, आणि आषाढात त्या बांधीत चिखलणी व्हायचीच होती.